आपल्या जिल्ह्याचं रेडिओ केंद्र अजून दहा वर्षं टिकेल का?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी, खूप दिवस विचारायचं होतं. आमची आई ७१ वर्षांची आहे आणि तिचं सगळं घड्याळ रेडिओवर चालतं, म्हणजे भक्तिगीतं लागली की उठायचं, बातम्या लागल्या की दूध काढायचं, आणि दुपारी 'आपली आवड' हा गाण्यांचा कार्यक्रम लागला की जरा पाठ टेकायची. माझ्या मुलानं तिला फोनवर हवी ती गाणी लावून दिली, दोन दिवस ऐकली आणि तिसऱ्या दिवशी परत रेडिओ लावला. म्हणाली, ह्यात वेळ कुठं सांगतात?

पण आता आमच्या जवळच्या आकाशवाणी केंद्रावर स्वतःचं असं फार कमी राहिलंय. बराच वेळ दुसरीकडचाच कार्यक्रम सहक्षेपित असतो, आणि मध्यम लहरींवर इतकी खरखर की आई सेट खिडकीत ठेवून फिरवत बसते.

अजून एक, जरा घरचं आहे. १९९१ साली आमच्या गावच्या भजनी मंडळाचं ह्याच केंद्रावर रेकॉर्डिंग झालं होतं, पप्पा पेटीला होते. पप्पा आता नाहीत. केंद्रात चौकशी केली तर असं काही नाही म्हणाले. अशा टेपा जपून ठेवत नाहीत का? आणि अशी केंद्रं पुढे राहणार आहेत की नाही, माहितगारांनी सांगा प्लीज.

जुना_निवेदक:
ताई, मी १४ वर्षं नैमित्तिक निवेदक होतो, महिन्याला जास्तीत जास्त सहा ड्युट्या मिळायच्या. टेपचं सांगतो, वाईट वाटेल पण खरं आहे. स्पूल महाग असायचे, त्यामुळे प्रसारण झालं की थोड्या दिवसांनी तोच स्पूल पुसून परत वापरायला घ्यायचे. मोठ्या गवयांचं, साहित्यिकांचं संग्रहात जायचं, गावच्या मंडळाचं सहसा जायचं नाही. मी स्वतः एकदा पुसायला काढलेल्या गठ्ठ्यात एका वाघ्या-मुरळीच्या पार्टीचा स्पूल पाहिला होता, डब्यावर शाईनं गावाचं नाव आणि वेळ लिहिलेली, १४ मिनिटं ३० सेकंद. मी काहीच बोललो नाही, ते अजून टोचतं.

आता भवितव्याचं. लोक म्हणतात गाणी फोनवर मिळतात मग रेडिओ कशाला, पण केंद्राचं काम नुसती तबकडी लावणं हे कधीच नव्हतं. पुणे केंद्र १९५३ ला सुरू झालं आणि १९५५ च्या रामनवमीला गीतरामायण चालू केलं. केंद्रातल्या सीताकांत लाडांची कल्पना, गदिमांचे शब्द, बाबूजींचं म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत, आठवड्याला एक नवं गाणं, वर्षाहून थोड्या जास्त काळात ५६ गाणी. हे कुठल्या रेकॉर्ड कंपनीनं केलं नाही, दोन वर्षांच्या एका केंद्रानं केलं! स्टुडिओ होता, वादक पगारावर होते आणि दर आठवड्याची वेळ ठरलेली होती म्हणून झालं. आज कित्येक ठिकाणी स्टुडिओ आहे पण वादकांच्या जागा निवृत्तीनंतर भरल्याच नाहीत. ज्या केंद्रात पेटी-तबल्याला माणूस नाही ते नवीन गाणं कुठून करणार, आणि नवीन केलं नाही तर ऐकणाऱ्यानं तिथं यावं कशाला?

स्पष्टच_बोलतो:
कुणाला राग येईल पण लिहितो. माझ्या वर्गातल्या ६० मुलांपैकी घरी रेडिओ सेट असलेली तीन निघाली. ट्रान्समीटरचं वीजबिल, टॉवरची देखभाल, ड्युटीवरची माणसं हे सगळं कुणासाठी चालू ठेवायचं? आकाशवाणीचे दोनशेच्या वर चॅनेल न्यूजऑनएअर अॅपवर आहेत, तिथंच सगळं द्या आणि वाचलेल्या पैशात कलाकारांना चांगलं मानधन द्या. आवाज पोचणं महत्त्वाचं, तो कुठल्या तारेतून येतो ते नाही.

जुना_निवेदक:
सर, मानधनाबद्दल शंभर टक्के सहमत. पण श्रोता एकदा गेला की परत आणणं किती अवघड असतं ते एकदा झालेलं आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व प्रसारण मंत्री असताना आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी बंद झाली, लोक ती गाणी ऐकायला सरळ रेडिओ सिलोनकडे, म्हणजे आताच्या श्रीलंकेतल्या केंद्राकडे वळले, आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला गाण्यांसाठी विविध भारती काढावी लागली. तेव्हा निदान लोकांकडे सेट तरी होते. आता ट्रान्समीटर बंद करून अॅपवर या म्हटलं तर ताईंच्या आई येणार नाहीत, त्या नुसत्या गप्प बसतील, आणि तुमच्या आकडेवारीत त्या दिसणार पण नाहीत.

हेडफोनवाला:
मी एका मध्यम शहरात खाजगी एफएमला होतो, आधी जाहिरात विभागात नंतर आरजे. आतली गोष्ट सांगतो. जाहिराती कोण देतं, तर सराफ, साड्यांची दुकानं, क्लासेस, नवीन स्कीमवाले बिल्डर. हे लोक आता तोच पैसा रील्सवर टाकतात. उत्पन्न घटलं की पहिला घाव लोकल माणसावर, रात्रीचा आणि दुपारचा शो मोठ्या शहरातून यायला लागतो, मग श्रोता म्हणतो ह्यात आपलं काय आहे, मग जाहिरात अजून कमी, असं चक्र. मराठी गाणी वाढवा म्हणून मी तीन मीटिंगमध्ये बोललो, उत्तर यायचं की जाहिरातदाराला हिंदी हवंय. आणि मी ज्या चहाच्या टपरीवर बसायचो तिथं दिवसभर लोक मराठी गाणी लावायचे!

सरकारनं ऑगस्ट २०२४ मध्ये २३४ नव्या शहरांत ७३० चॅनेलच्या लिलावाला मंजुरी दिली आहे, वार्षिक परवाना फी ढोबळ उत्पन्नाच्या ४ टक्के. म्हणजे दार उघडं आहे. पण खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, फक्त हवामान, ट्रॅफिक, पाणी, आपत्तीची सूचना असलं चालतं. लहान गावात नुसत्या गाण्यांवर स्टेशन कसं जगवायचं ते मला तरी कुणी सांगितलेलं नाही. गावातल्या बातम्या आणि गावातलं गाणं दोन्ही हातात हात घालून चालतात.

आणि फोनचं पण बघा. पूर्वी साध्या फोनमध्ये एफएम असायचं, हेडफोनची वायर हीच अँटेना. मग कंपन्यांनी ते बंद करून टाकलं, हेडफोनचं भोकच गेलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं फोनमध्ये एफएम चालू ठेवा अशी सूचना काढली, पण ती सूचनाच. २०१९ च्या पुरात आमच्याकडे वीज गेली, नेट गेलं, तेव्हा शेजारच्या आजोबांच्या सेलवरच्या सेटभोवती अख्खा मजला बसला होता.

ओस्लोकर:
मी नॉर्वेत असतो म्हणून एवढंच लिहितो. इथं २०१७ मध्ये राष्ट्रीय चॅनेलचं एफएम बंद करून सगळं डिजिटलवर नेलं, असं करणारा जगातला पहिला देश. पण बऱ्याच लहान लोकल स्टेशनांना एफएमवर राहू दिलं. इतक्या पैसेवाल्या देशानं पण लोकलला हात लावताना सबुरी ठेवली.

माणगंगा:
कुणीच सामुदायिक रेडिओचं, म्हणजे आसपासच्या गावांसाठी स्थानिक संस्था चालवते त्या छोट्या स्टेशनांचं लिहिलं नाही म्हणून लिहिते. म्हसवडचं माणदेशी तरंग २००८ पासून एफएम ९०.४ वर चालू आहे, आमच्या दुष्काळी पट्ट्यात ते ऐकतच माझं लग्नानंतरचं आयुष्य गेलंय. अशा स्टेशनला १०० वॅटपर्यंतच परवानगी, म्हणजे आजूबाजूची काही गावं एवढीच पोच. २०२४ मध्ये जाहिरातीची वेळ तासाला ७ मिनिटांवरून १२ केली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदाला ५२ वरून ७४ रुपये केला, त्यानं थोडा श्वास मिळतो, पण थोडाच.

मी आता दुसऱ्या एका छोट्या स्टेशनला ओव्या रेकॉर्ड करायला जाते. एक आजी माइक समोर ठेवला तरी म्हणेनात, म्हणाल्या जात्याबिगर येत न्हाई बाई. मग माळ्यावरचं जातं काढलं, धुतलं, मूठभर जोंधळे टाकले, खुंट्याला हात लावला आणि आजी सुरू झाल्या ते पाऊण तास. जात्याची घरघर माइकमध्ये फार येत होती, मग खाली गोधडीची चौघडी घातली. दुसऱ्या दिवशी लागलं तेव्हा त्यांची माहेरची माणसं फोन करत होती, अमक्या ओवीत एक कडवं राहिलं म्हणून. ते कडवं पण आम्ही घेतलं. असलं काम कुठलंही गाण्यांचं अॅप करणार नाही, कारण त्यांना त्या आजी माहीतच नाहीत. स्टेशन टिकवायचं असेल तर आठवड्याला एक तरी नवीन रेकॉर्डिंग, आणि ते जपून ठेवणं, मूळ फाइल तीन ठिकाणी.

कृष्णाकाठची:
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं वाचून रडू आलं पण निदान कळलं तरी. एक सांगायचं राहिलं, तुमचा मेसेज वाचून मंडळातल्या पखवाजवाल्या नानांकडे गेले. त्यांनी त्या दिवशी टू-इन-वनवर रेडिओ लावून कॅसेट भरून घेतली होती, साबणाच्या डब्यात ठेवलेली सापडली! सुरुवातीचा गजर नाहीये, कारण नाना बटण दाबेपर्यंत सुरू झालं होतं. शेवटी निवेदिकाबाई नावं सांगतात, पप्पांचं नाव गावासकट स्पष्ट येतं असं नाना म्हणतात. मी अजून ऐकली नाही कारण त्यांच्या प्लेअरचा बेल्ट तुटलाय आणि फीत एका जागी चुरगळली आहे. माणगंगा ताई, फीत न ताणता फाइल कशी करायची ते सांगाल का? सांगली-कऱ्हाडकडे कुणी दुरुस्त करणारं असेल तरी कळवा, आईला अजून सांगितलेलं नाही.