मदत हवी आहे : एल साल्वादोरमधल्या ऊसतोड गावासाठी काय करावं?

नमस्कार मंडळी. मी ह्यूस्टनला असते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका ताईंचं गाव मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये, लेम्पा नदीच्या खालच्या अंगाला. देश एवढासा, की महाराष्ट्रात असे चौदा मावतील, आणि माणसं साठ लाखांवर! 1980 ते 1992 यादवी युद्ध, 2001 मध्ये दोन मोठे भूकंप. निम्मं गाव अमेरिकेतून येणाऱ्या डॉलरांवर चालतं.

आम्ही सात-आठ जणी थोडे पैसे जमवतोय. पहिला विचार जुने कपडे पाठवायचा होता. ताई हसल्या, म्हणाल्या, "कपडे तिथे ढिगाने मिळतात." खरी अडचण वेगळी आहे. उसाच्या फडात राबणाऱ्या तरण्याताठ्या पुरुषांची मूत्रपिंडं निकामी होतात, मधुमेह नसतानाही. उन्हातली मेहनत आणि कमी पाणी हे त्याचं मोठं कारण मानतात.

आपल्याकडे बीडच्या ऊसतोड कामगारांबरोबर कुणी काम केलंय का? फडावर सावली, पाणी, विश्रांतीची सोय कशी लावली? मुकादम ऐकतात का? फिरता तंबू टिकतो का? साधारण खर्च किती? आणि स्पॅनिश येणारं कुणी असेल तर कृपया कळवा, माझं स्पॅनिश 'ओला'च्या (म्हणजे 'नमस्कार'च्या) पुढे जात नाही.