इमोबिलायझरवाल्या गाडीची दुसरी चावी परवडेल अशी कुठे करून मिळेल? (देवगड-कणकवली परिसर)

नमस्कार मंडळी,

आमची २०१४ची वॅगनार आहे, पेट्रोल, व्हीएक्सआय. जुनी घेतली तेव्हाच एकच चावी हातात आली, दुसरीचा पत्ता आधीच्या मालकांनाही नव्हता. आहे ती चावी दोन बटणांची, रिमोट तिच्या डोक्यातच. गाडीला इमोबिलायझर आहे, म्हणजे चावीतली चिप ओळखीची असल्याशिवाय इंजिन चालू राहत नाही.

देवगडपासून आत आमचं गाव. सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला कणकवलीला न्यावं लागतं, पन्नासेक किलोमीटर. गाडी मी आणि दीर दोघं चालवतो. चावी त्यांच्या खिशात राहिली आणि ते कलमांच्या बागेत फवारणीला गेले की मी घरात अडकते. बागेत फोनही धड लागत नाही. त्याहून मोठी भीती म्हणजे चावी हरवलीच तर? डायलिसिस चुकवून चालत नाही, आणि पहाटे आमच्याकडे ऐन वेळी रिक्षा कुठून मिळणार?

सर्व्हिस सेंटरला विचारलं. रिमोटसकट नवी चावी, ती कापणं, गाडीला जोडणं सगळं धरून आठ-नऊ हजारांच्या घरात सांगितले आणि मागवायला वेळ लागेल म्हणाले. अस्सल चावीचा तो भाव असेलही, पण औषधपाण्याच्या खर्चात आत्ता तेवढे काढणं जड आहे.

बाजारातल्या चावीवाल्या काकांनी आधीच सांगितलं होतं, "चावी कापून देतंय, पण गाडी सुरू होवची नाय." तसंच झालं. दारं उघडतात, डिकी उघडते, इंजिन मात्र क्षणभर धरतं आणि बंद पडतं. एका ओळखीच्या वायरमनचं म्हणणं, मूळ चावीतली चिप काढून स्टिअरिंगखालच्या कव्हरात इग्निशनजवळ चिकटवून टाकू, मग शंभर रुपयांच्या कुठल्याही चावीवर गाडी चालेल. ऑनलाइन बघितलं तर दोन-अडीचशे रुपयांत हुबेहूब दिसणारी चावी मिळते. ती घेऊन चालेल का? चिप चिकटवण्यात धोका आहे का? आणि आपल्या भागात हे काम नीट करणारं कोणी आहे का, की कोल्हापूरच गाठावं लागेल? रिमोट नसला तरी चालेल. गाडी सुरू झाली पाहिजे एवढंच.

प्रतिसाद, रत्नागिरी

ताई, चिप चिकटवण्याचं काम अजिबात करू नका. कुलूप लावून चावी कुलपालाच टांगून ठेवण्यासारखं आहे ते. त्यानंतर पातं कापून आणणारा कोणीही गाडी घेऊन जाऊ शकतो. शिवाय हातातली एकमेव चांगली चावी त्यासाठी फोडावी लागेल, ते वेगळंच.

प्रतिसाद, मालवण

ती अडीचशेची चावी म्हणजे नुसतं प्लास्टिकचं कवच आणि न कापलेलं पातं. आत काही नसतं. माझ्या भावाने जुनं कवच चिरलं म्हणून ते मागवलं, बटणांची पट्टी उचलून नव्यात बसवली आणि जुनं कचऱ्यात टाकलं. रिमोटने दारं उघडायची, गाडी सुरू होईना. चिप जुन्या कवचाच्या कोपऱ्यातल्या खाचेत बसलेली असते, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काळी वडी, बघणाऱ्याला प्लास्टिकचाच भाग वाटते. आईने केराची बादली अंगणात उपडी करून ती शोधली, म्हणून निभावलं.

प्रतिसाद, कुडाळ

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण या कामात लोकांचे पैसे दोन-दोनदा जातात.

तुमच्या चावीत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पातं कुलूप फिरवतं. रिमोट दारं उघडतो, त्याला सेल लागतो. तिसरी चिप, तिला सेल लागतच नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं. चावी फिरवली की ते कडं लहरी सोडतं, बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि त्याच लहरींवर चिप जागी होऊन उत्तर देते. उत्तर पटलं तर गाडीचा कॉम्प्युटर इंजिनाला पेट्रोल देतो, नाही पटलं तर तोडतो. तुमची शंभराची चावी क्षणभर धरून सोडते ती यामुळे. मारुती याच व्यवस्थेला आयकॅट्स म्हणते. रिमोटचा सेल संपला तरी गाडी सुरू होते, तीही याचमुळे.

म्हणजे तुम्हाला रिमोट नको असेल तर फक्त चिप असलेली साधी चावी लागते आणि खर्च तिथेच खाली येतो. आमच्याकडे असं काम साधारण दोन ते तीन हजारांत होतं, चिप कुठली आणि मशिनवाला कुठून येणार त्यावर.

आता महत्त्वाचं. हे काम दोन प्रकारे होतं. एक, कॉपी. मूळ चिपमधली माहिती वाचून तीच दुसऱ्या कोऱ्या चिपवर लिहायची. गाडीला कळतही नाही, तिच्या लेखी ती जुनीच चावी. दुसरा प्रकार म्हणजे गाडीला नवी चावी शिकवणं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, तिथे मशिन लावून गाडीच्या मेमरीत नव्या चिपची नोंद करायची.

कॉपी स्वस्त पडते, पटकन होते. पण तुमच्या बाबतीत मी दुसरा प्रकारच सांगेन. तुमच्या गाडीची मूळ दुसरी चावी कुठेतरी आहे. कोणाकडे, ते तुम्हाला माहीत नाही, आधीच्या मालकांनाही नाही. कॉपी केलीत तर ती बेपत्ता चावी गाडीला ओळखीचीच राहणार. शिकवायला बसलात तर जुन्या सगळ्या नोंदी पुसून हातातली आणि नवी अशा दोनच परत घालता येतात. बेपत्ता चावीने दार उघडेल, कारण पातं तेच, पण गाडी सुरू होणार नाही. जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने हे करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

कामाला जाताना मूळ चावी हवीच. नोंदी पुसल्यावर जी चावी समोर नसेल ती बाहेर पडते.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. बेपत्ता चावीचा विचार आमच्या कोणाच्या डोक्यात आला नव्हता. दोन शंका आहेत. काम चालू असताना गाडीचा कॉम्प्युटर बिघडू शकतो का? कोणी अर्धवट करून सोडलं तर आमची डायलिसिसची गाडीच उभी राहील, ती काळजी आहे. आणि काम नीट झालं हे मी ओळखायचं कसं?

प्रतिसाद, कुडाळ

धोका असतो तो मुख्यतः बॅटरीचा. मशिन लिहीत असताना व्होल्टेज पडलं तर काम अर्ध्यात अडकू शकतं. तुमची बॅटरी सकाळी कण्हत असेल तर आधी ती चार्ज करून घ्या. काम चालू असताना एसी, दिवे, पंखा बंद ठेवायचा. डायलिसिसच्या दिवशी काम काढू नका, मधला दिवस धरा.

तपासताना दोन चाव्या एका कड्यात अडकवू नका. नवी कच्ची असली तरी शेजारच्या जुनीची चिप वाचली जाते आणि गाडी सुरू होते, मग माणूस समाधानाने घरी जातो. जुनी चावी गाडीबाहेर दुसऱ्याच्या हातात द्या. नवीने सुरू करा, मिनिटभर चालू ठेवा, बंद करा, परत सुरू करा. मग जुनीने तसंच. दोन्हींनी इमोबिलायझरचा दिवा विझायला हवा. पैसे त्यानंतर द्या.

आणि चिप खरी आहे का हे घरीही बघता येतं. चावीच्या डोक्याला स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा कागद नीट गुंडाळून गाडी सुरू करून बघा. चिपचं उत्तर अडतं, इंजिन चालू राहत नाही. कागद काढला की पूर्ववत.

सगळ्या चाव्या हरवल्यानंतर माणसं माझ्याकडे येतात तेव्हा वाईट वाटतं. तेव्हा गाडी उचलून आणावी लागते, कधी कॉम्प्युटर खोलावा लागतो, आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. एक चावी हातात आहे तोवरच हे काम स्वस्त आहे.

प्रतिसाद, चिपळूण

कागदपत्रांचं सांगते. कोणीही इमानदार कारागीर आधी आरसी आणि तुमचं ओळखपत्र मागेल. न विचारता चावी करून देणाऱ्याकडे जाऊ नका. नवी गाडी देताना चावीबरोबर नंबर कोरलेली छोटी पट्टी मिळते, ती आधीच्या मालकांच्या फाइलमध्ये असेल तर मागून घ्या. त्या नंबरवरून नमुना नसतानाही पातं कापता येतं. पट्टीचा फोटो कुठे टाकू नका.

विम्याचंही बघा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्या दावा मंजूर करताना मूळ चाव्या मागतात. एक मुळातच नव्हती हे आत्ताच लेखी कळवून पोच घेऊन ठेवा. पुढच्या नूतनीकरणाला चावी हरवण्याचं जादा संरक्षण मिळतं का तेही विचारा. हप्ता थोडा वाढतो, पण तुमच्यासारख्यांना उपयोगी आहे.

प्रतिसाद, मालवण

आम्ही कोल्हापूरला जायच्या तयारीत होतो, पण गरज पडली नाही. मशिनवाले चाव्यांच्या कामासाठी खाली येतात. कणकवली-कुडाळमधल्या मोठ्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारा, त्यांच्याकडे नंबर असतात. दोन-तीन गाड्यांचं काम जमलं तर येण्याचा खर्च वाटून घेतात. पावसात घाटाची खात्री नसते, मृगाच्या आत करून घ्या.

धागाकर्ती

काम झालं, म्हणून लिहिते. कणकवलीतल्या एका दुकानातून माणसाचा नंबर मिळाला. आमच्या शेजाऱ्यांनाही चावी हवी होती, दोन गाड्या मिळून आला. आरसी आणि आधार आधी बघितलं. रिमोट नसलेली चिपची चावी, पातं कापून, जुन्या नोंदी पुसून, दोन्ही नव्याने शिकवून अडीच हजार घेतले. जुनी चावी दिरांच्या हातात देऊन त्यांना पार विहिरीपर्यंत पाठवलं आणि नवीने गाडी सुरू केली. दोन्ही चावींनी दिवा विझतो. विमा कंपनीला पत्रही दिलं. कुडाळच्या दादांचे आणि सगळ्यांचे मनापासून आभार, सासऱ्यांनीही कळवायला सांगितलं आहे.

एक राहिलं. जुन्या चावीचा रिमोट जवळ गेल्याशिवाय चालत नाही. उघडून बघितली तर सेलखालच्या पत्र्यांवर हिरवट थर आहे. सेलच बदलायचा का?

प्रतिसाद, कुडाळ

खाऱ्या हवेने पत्रे असे होतात. सेल काढा, कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पत्रे पुसा, पूर्ण वाळू द्या. पाणी नको. जुन्या सेलवर कोरलेला नंबर बघून तोच नवा घाला. पत्रे बसले असतील तर किंचित उचला, फार वाकवू नका, तुटतात. आणि कवच उघडलंच आहे तर चिप आपल्या खाचेत आहे ना ते बघूनच बंद करा.