प्लॅस्टर घातलंय आणि डाएटही चालू आहे. खाणं कमी करू की वाढवू? (नाशिक)

इंदिरानगरकर:
नमस्कार मंडळी. वय ४६, उंची पाच फूट दोन, वजन ६२. सहा महिन्यांत ९ किलो उतरवलंय. ११०० कॅलरी, दोनदाच जेवण आणि संध्याकाळी जॉगिंग ट्रॅक. मागच्या आठवड्यात सोसायटीच्या ओल्या जिन्यावरून घसरले आणि उजव्या घोट्याचं बाहेरचं हाड मोडलं. ऑपरेशन नाही, पण सहा आठवडे प्लॅस्टर आणि पाय अजिबात टेकवायचा नाही. डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि डी जीवनसत्त्वाची आठवड्याला एक पुडी दिली. खाण्याचं विचारलं तर म्हणाले, "सगळं खा."

आता नुसतं बसूनच राहायचं, म्हणून ११०० वरून ९०० वर यावं असं डोक्यात आहे. नाहीतर एवढ्या कष्टाने घालवलेलं सगळं परत येईल. इकडे सासूबाई डिंक तळायला बसल्यात. काय करू? नाशिकमध्ये आहारतज्ज्ञ बघायचा तर कसा निवडावा?

पंचवटीकाका:
ताई, डाएट गेलं खड्ड्यात. खारकेचं दूध, लाडू आणि चालत असेल तर पायाचं सूप, एवढं धरा. आमच्या गावाकडे एक हाडवैद्य आहेत, पट्टी बांधतात, तीन आठवड्यांत माणूस चालायला लागतो.

वॉकरवाली:
काका, प्लॅस्टर काढून पट्टी नको हो. मी फिजिओ आहे, वाकडी जुळलेली हाडं नंतर आमच्याकडेच येतात. ताई, बोटं निळी पडली, बधिर झाली किंवा पोटरी दुखून सुजली तर सकाळची वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा. दम लागला तरी तेच.

बसून राहायचं म्हणजे काहीच करायचं नाही असं नाही. डॉक्टरांना विचारून गुडघा सरळ ठेवून पाय उचलणं, मांडी आवळून धरणं आणि हातांसाठी पाण्याच्या बाटल्या, एवढं रोज करा. हाडावर भार आला की ते घट्ट होतं, भार गेला की झिजतं, म्हणून उरलेल्या शरीराला कामाला लावायचं.

पोळीभाजी:
आहारतज्ज्ञ आहे, गंगापूर रोडला बसते. ९०० चा विचार आजच सोडा. तुमच्या वयाला, उंचीला आणि वजनाला नुसतं पडून राहायलाच साधारण १२०० कॅलरी लागतात. म्हणजे ११०० वरही तुम्ही त्याच्या खालीच होतात.

हाड जुळताना आधी रक्ताची गाठ होते. मग दोन-तीन आठवड्यांत मऊ सांधा धरतो. तो मुख्यतः कोलॅजनचा, म्हणजे प्रथिनांचा. कॅल्शियम त्यात नंतर भरतं. शरीराला जेवण कमी पडलं की ते प्रथिनं जाळून भागवतं आणि जोडकामाचा माल तिकडे जातो. म्हणून गोळ्या घेऊन उपाशी राहण्यात अर्थ नाही.

प्लॅस्टर असेपर्यंत वजन उतरवायचं नाही, आहे तिथे धरून ठेवायचं. तुम्हाला १५०० ते १६०० पुरेल. एका घोट्यासाठी दुप्पट खायची गरज नाही. प्रथिनं किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला ७५ ते ९०. आता हिशेब करा: वाटीभर वरणात ६-७, एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास. दोन फुलके, वाटीभर आमटी आणि काकडी यात पाव हिस्साही भरत नाही. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र हा आकडा डॉक्टरांना विचारूनच. शिवाय रोज एक पेरू किंवा आवळा. कोलॅजनला क जीवनसत्त्व लागतं.

सिडकोतला_धावक:
+१. कॅलरी कमी केल्याने हाडांचं काय होतं हे तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या 'कॅलरी' नावाच्या चाचणीत २१८ लोक होते, लठ्ठ कोणीच नव्हतं. त्यातल्या एका गटाने दोन वर्षं २५ टक्के कमी खायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात १२ टक्क्यांच्या आसपासच जमलं, तरी कंबर आणि खुब्याच्या हाडांची घनता घटली. वजन घटलं की हाडांवरचा भार घटतो, आणि लेप्टिन, इन्सुलिनसारखी संप्रेरकंही खाली येतात.

ताई, खासगी प्रश्न आहे, उत्तर इथे दिलं नाही तरी चालेल. पाळी नियमित आहे का? घोटा मुरगळून मोडणं कुणालाही होतं, पण या वयात पाळी चुकत असेल आणि वर ९ किलो उतरले असतील तर हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करायची का, ते डॉक्टरांना जरूर विचारा.

पेठ_रोडवरून:
नागलीचं, म्हणजे नाचणीचं, कुणी बोलेना? शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आमच्या पेठ-सुरगाण्याची नागली रविवार कारंजाकडे सहज मिळते. दोन लहान भाकऱ्या, वर तिळाची चटणी आणि ताक. दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं, निम्मं इथेच होतं. पालकावर भिस्त ठेवू नका, त्यातलं कॅल्शियम ऑक्झलेटमुळे अंगी लागत नाही.

अवांतर: डिंकाने हाड चिकटत नाही! पण लाडवातली खारीक, खसखस, खोबरं वाईट नाहीत. सकाळी एक खा, सासूबाईही खूश.

इंदिरानगरकर:
सगळ्यांचे आभार. पाळी गेलं वर्षभर मागेपुढे होतेय, डेक्साचं पुढच्या भेटीत विचारते. अजून एक. थायरॉईडची गोळी उठल्यावर घेते आणि नाश्त्याला कॅल्शियम. चालेल ना?

पोळीभाजी:
नाही चालणार. दोन्हींत निदान चार तास ठेवा, नाहीतर थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही. कॅल्शियमच्या पाकिटावर कार्बोनेट लिहिलंय का बघा. ते असेल तर दुपारच्या जेवणाबरोबर घ्या. लोहाची गोळी असेल तर ती रात्री. डीची पुडी आठवड्याला एकच, आणि डॉक्टरांनी सांगितलीय तितकेच आठवडे. बरेच लोक ती रोज घेतात आणि मग रक्तातलं कॅल्शियम चढून उलट्या सुरू होतात.

आहारतज्ज्ञाचं म्हणाल तर आधी तुमच्याच हाडांच्या डॉक्टरांना नाव विचारा. तुमची औषधं आणि रिपोर्ट न बघता पहिल्याच भेटीत पावडरीचा डबा पुढे सरकवणारा कुणी भेटला, तर फी देऊन उठा.

पंचवटीकाका:
बरं, पट्टीचं राहू द्या. सूप तरी चालेल का?

पोळीभाजी:
चालेल काका, पण त्यात प्रथिनं फार नसतात. दोन अंडी जास्त कामाची.