पूरबचावात सगळ्या पथकांना एकाच मॉडेलचे वायरलेस संच हवेत का?

वाळवेकर:
२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत एनडीआरएफ, लष्कर, नौदल अशी पथकं एकाच पाण्यात उतरली होती. प्रत्येक दलाची वायरलेस आपापली असते. सांगली-साताऱ्याने एकाच मॉडेलचे संच घ्यावेत आणि बाहेरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला एक द्यावा. इंटरऑपरेबिलिटी, म्हणजे वेगवेगळ्या दलांना एकमेकांशी बोलता येणं, म्हणतात ती हीच. रात्री दोन वाजता सेटिंग कोण जुळवत बसणार?

मिरज_जंक्शन:
साफ असहमत. मॉडेल एकच असूनही शेजारच्या बोटी एकमेकींना ऐकू येत नाहीत, असं होतं. डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या संचात फ्रिक्वेन्सी, कलर कोड (नेटवर्कचा ओळख क्रमांक, ० ते १५), टाइमस्लॉट (एकाच फ्रिक्वेन्सीतली वेळेची वाटणी) आणि टॉकग्रुप (बोलणाऱ्यांचा गट) हे चारही जुळावे लागतात. अॅनालॉगवर सीटीसीएसएस टोन (आवाजासोबत जाणारा, स्पीकर उघडणारा खुणेचा सूर) वेगळा असेल तर सिग्नल येतो, दिवा लागतो, स्पीकर गप्प. उलट वेगवेगळ्या कंपन्यांचे संच एकाच व्हीएचएफ एफएम चॅनलवर, १२.५ किलोहर्ट्झवर, टोन न लावता ठेवा, बिनधास्त बोलतील. अग्निशमनाचं बघा ना. आयएस ९०३ या भारतीय मानकाप्रमाणे ६३ मिमी कपलिंग (पाइपाचा जोड) असलं की साताऱ्याचा होज सांगलीच्या बंबाला बसतो, बंब कुणीही बनवलेला असो.

वाळवेकर:
उघड्या अॅनालॉगवर लष्कर बोलेल?

अजिंक्यतारा:
नाही. पण तुमच्या संचात ते आपली एन्क्रिप्शनची किल्ली (संदेश सांकेतिक करणारा गुप्त कोड) भरूनही देणार नाहीत. पी-८आय ही अमेरिकी बनावटीची सागरी टेहळणी विमानं २०१३पासून आपल्या नौदलात आहेत, तरी अमेरिकेची सांकेतिक संचार उपकरणं मिळायला ६ सप्टेंबर २०१८चा कॉमकासा हा भारत-अमेरिका संचार सुरक्षा करार व्हावा लागला. विमान तेच, अडलं होतं परवानगीवर. गेटवे (दोन वायरलेस जाळी जोडणारं यंत्र) लावून दोन नेट जोडता येतात, पण एन्क्रिप्शन गेटवेपाशीच संपतं, आणि बटण दाबून क्षणभर न थांबता बोललं की पहिला शब्द कापला जातो. त्यापेक्षा नियंत्रण कक्षात लष्कराचा सिग्नलवाला स्वतःच्या संचासह बसवा.

हरिपूर_संगम:
संचांवरच किती भांडाल? आकड्यांचं काय? सांगलीचा अक्षांश १६ अंश ५१ मिनिटं हा कुणी १६.५१ अंश असं टाकलं तर बोट सुमारे ३८ किमी दक्षिणेला, थेट कर्नाटकात दाखवते. सांगलीच्या आयर्विन पुलाची पाणीपातळी फुटांत (इशारा ४०, धोका ४५), केंद्रीय जल आयोगाची समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये. पुलावरच्या मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे हे सोबत दिलं नाही, तर दोन्ही आकडे ताडून बघताच येत नाहीत.

वाळवेकर:
हे पटलं. पण पाच प्रकारचे संच म्हणजे पाच प्रकारचे चार्जर आणि पाच प्रकारच्या बॅटऱ्या. त्याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

मिरज_जंक्शन:
जिल्ह्याच्या स्वतःच्या साठ्यापुरतं एकच मॉडेल, मान्य. फक्त निविदेत प्रोग्रॅमिंग केबल आणि सॉफ्टवेअर जिल्ह्याच्या ताब्यात राहील हे लिहून घ्या. नाहीतर ऐन पुरात चॅनल बदलायला पुरवठादाराच्या माणसाची वाट बघावी लागेल.