वडिलांच्या लोकरी ब्लँकेटचे जाकीट घरी शिवता येईल का?

रानपहाट (नागपूर)

नमस्कार. माझ्याकडे वडिलांना नोकरीत मिळालेले राखाडी रंगाचे जाड ब्लँकेट आहे. ते 60 इंच रुंद आणि 90 इंच लांब असून वजन 2 किलोच्या थोडे वर भरते. वडील गेल्यापासून ते ट्रंकेतच आहे. त्याचे अंगावर घालता येईल असे काही व्हावे, ही इच्छा बरीच वर्षे मनात आहे.

मी हिवाळ्यात पहाटे पक्षी पाहायला गोरेवाडा आणि अंबाझरीला जाते आणि वर्षातून एकदोनदा पेंचला उघड्या जिप्सीतून फेरी होते. नागपूरची थंडी थोड्या दिवसांची असली, तरी 29 डिसेंबर 2018 रोजी इथे पारा 3.5 अंशांपर्यंत उतरला होता हे अनेकांना आठवत असेल, आणि अशा पहाटे धावत्या गाडीतला वारा हाडापर्यंत पोहोचतो. माझे नायलॉनचे जाकीट दुर्बीण उचलताना सळसळते आणि जवळ बसलेला पक्षी उडून जातो, म्हणूनही मला लोकरीचा कपडा हवा आहे.

माझ्याकडे आईचे पायमशीन आहे. साधे कुर्ते मी शिवते, पण इतके जाड कापड कधी शिवलेले नाही. इतवारीतल्या दोन शिंप्यांना दाखवले, तेव्हा आमच्याकडे सुती आणि टेरिकॉटचेच काम होते असे सांगून त्यांनी नम्रपणे नकार दिला. हे ब्लँकेट खरोखर लोकरीचे आहे की मिश्र, ते कसे ओळखावे? पायमशीनवर ते शिवले जाईल का? आणि आतून अस्तर लावावे की नाही?

धावदोरा (महाल, नागपूर)

ताई, मी अनेक वर्षे शिवणवर्ग घेते, त्यामुळे आधी पारखीचे सांगते. ब्लँकेटच्या कोपऱ्यातून एक उभा आणि एक आडवा असे दोन धागे वेगवेगळे ओढून काढा. चिमट्यात धरून ज्योतीजवळ न्या. लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत दूर केली की विझते आणि मागे बोटांनी चुरडली जाणारी काळी राख ठेवते. ॲक्रिलिक वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. सूत कागदासारखे जळते. मिश्र धाग्यात मात्र केसांचा वासही येतो आणि मणीही होतो, म्हणून दुसरी परीक्षाही करावी. धाग्यांचे तुकडे काचेच्या वाटीत क्लोरीनच्या ब्लीचमध्ये बुडवून काही तास ठेवा. लोकर त्यात विरघळून जाते, सूत आणि ॲक्रिलिक राहतात. हे काम गॅलरीत, मोकळ्या हवेत करा आणि त्या ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा दुसरे काहीही चुकूनही मिसळू नका, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

उभा आणि आडवा धागा वेगळा तपासायला सांगितले, त्याला कारण आहे. काही ब्लँकेटांत ताणा म्हणजे उभा धागा सुताचा आणि बाणा म्हणजे आडवा धागा लोकरीचा असतो. असे ब्लँकेट वाईट नसते, पण ते धुतल्यावर एकाच दिशेने आटते आणि हे माहीत नसेल तर सगळी मापे चुकतात. राखाडी ब्लँकेटांमध्ये पानिपतकडचा, जुन्या लोकरी कपड्यांचे तंतू पुन्हा कातून विणलेला मालही पुष्कळ असतो. त्यातले तंतू आखूड असल्यामुळे कापड कोपरावर लवकर विरते. तसे वाटले तर कोपरांना दुहेरी तुकडा लावावा.

पायमशीनवर काम नक्की होईल, आणि खरे सांगायचे तर आपल्या जुन्या काळ्या मशीनवर ते हलक्या नव्या मशीनपेक्षा चांगले होते. 18 नंबरची सुई, पॉलिएस्टरचा मजबूत दोरा आणि टाका 4 मिलिमीटरच्या आसपास ठेवा. आखूड टाका लोकरीत बुडतो आणि उसवायची वेळ आली तर सापडत नाही. सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब सैल करा, नाहीतर वरचा थर पुढे सरकतो आणि दोन्ही तुकड्यांची टोके जुळत नाहीत. जाड जागी पाय एका बाजूला तिरका होतो, तेव्हा त्याच्या मागे कापडाची तेवढ्याच जाडीची घडी सरकवा आणि चाक हाताने फिरवा. खडूच्या खुणा लोकरीवर टिकत नाहीत, म्हणून खुणा रंगीत दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांनी करा.

मात्र सगळ्यात महत्त्वाची गोष्ट शिवणीची आहे. कुर्त्याला आपण दोन काठ आत दुमडून शिवण घालतो, तशी इथे घातली की चार थर एकावर एक येतात आणि काखेत दोरखंडासारखा गोळा होतो. आटवून घट्ट केलेल्या लोकरीचे दोरे सुटत नाहीत. त्यामुळे काठ न दुमडता एक तुकडा दुसऱ्यावर अर्धा इंच चढवावा आणि दोन समांतर टीपा माराव्यात. ही शिवण सपाट बसते आणि खांद्यावर दुर्बिणीचा किंवा पाठपिशवीचा पट्टा आला तरी टोचत नाही. शिवण झाली की ओले फडके ठेवून इस्त्रीची वाफ द्या आणि लगेच लाकडी फळीने दाबून धरा. लोकर जशी दाबली तशी थंड होताना बसते.

पायवाट (वर्धा)

मी दोन हिवाळ्यांपूर्वी असेच जाकीट शिवले आणि पहिल्या वेळी ब्लँकेट वाया घालवले, ते सविस्तर लिहितो, म्हणजे आपले वाचेल.

मी आधी कापले, शिवले आणि नंतर धुतले. जाकीट सगळीकडून सारखे आटले नाही. बाह्या मनगटाच्या वर चढल्या आणि पुढचे दोन पल्ले एकमेकांवर येईनात. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. कोमट पाणी, साबण आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि कापड कायमचे दाट होते. हे शिवल्यानंतर झाले तर नुकसान, आधी झाले तर फायदा, कारण विरळ विणीतून वारा सरळ आत शिरतो आणि आटलेल्या दाट कापडातून तो पुष्कळ अडतो. तेव्हा कात्री लावण्यापूर्वी ब्लँकेट मुद्दाम आटवावे.

एका कोपऱ्यातून 8 इंचांचा चौकोन कापून त्यावर आधी प्रयोग करा आणि किती इंच कमी झाले ते दोन्ही दिशांनी लिहून ठेवा. मग पूर्ण ब्लँकेट 40 अंशांच्या पाण्यात, सौम्य साबणाने, दर दहा मिनिटांनी थांबवून पाहत धुवा. कपड्यांची नेहमीची पावडर क्षारयुक्त असते आणि लोकर हे केसांसारखेच प्रथिन असल्याने अशा पावडरीने कमजोर होते. बोअरचे जड पाणी शक्यतो टाळा, त्यात साबणाचा थर लोकरीत बसून राहतो. वाळवताना दोरीवर टांगू नका. ओल्या लोकरीचे वजन तिलाच ओढते, म्हणून बाजेवर सावलीत पसरून ठेवा.

माझे ब्लँकेट आपल्याच मापाचे होते आणि आटल्यावर 54 बाय 81 इंच उरले. त्यातून लांबीच्या बाजूने 25 इंचांची आडवी पट्टी संपूर्ण रुंदीभर कापली. ती खांद्यावर मधोमध दुमडली की पुढे 27 आणि मागे 27 इंच येतात, खांद्याला शिवणच लागत नाही आणि ब्लँकेटचे विणलेले दोन्ही काठ खालच्या घेराला येतात, त्यामुळे तिथेही दुमड नको. छातीला 50 इंचांचा घेर मिळतो, तो आत स्वेटर घालण्यासाठी लागतोच. बाह्यांसाठी 20 बाय 20 इंचांचे दोन तुकडे घेतले. खांदा दंडावर उतरत असल्यामुळे एवढी लांबी मनगटापर्यंत पुरते. काखेत 5 इंचांचा चौकोनी तुकडा तिरका बसवला, जसा जुन्या सदऱ्याला असे. तो नसेल तर हात वर केला की सगळे जाकीट वर येते; दुर्बीण धरणाऱ्याने हा तुकडा अजिबात गाळू नये. पुढचा भाग मधून कापल्यावर एका पल्ल्याला 4 इंचांची पट्टी जोडली, म्हणजे पल्ले एकमेकांवर चढतात. उरलेल्या कापडातून टोपी आणि खिसे निघाले. जाकीट सव्वा किलोच्या आसपास भरले.

ही मापे उतरवून घेऊ नका, जुन्या चादरीचे नमुना जाकीट आधी कच्च्या टाक्यांनी शिवून घालून पाहा. वडिलांचे ब्लँकेट एकच आहे.

मेंढवाडा (अमरावती)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त अस्तराचा आणि टोपीचा मुद्दा राहिला आहे.

ब्लँकेटचा कोट ही कल्पना कॅनडातील फर व्यापाराच्या काळापासून चालत आलेली आहे. तिथे 18 व्या आणि 19 व्या शतकांत व्यापारातून मिळणाऱ्या लोकरी ब्लँकेटांपासून ‘कॅपोट’ नावाचा टोपीचा कोट शिवत असत. त्या व्यापारातल्या हडसन्स बे कंपनीच्या ब्लँकेटांच्या काठाशी विणलेल्या आखूड रेघा आकार दाखवत. त्या किंमत सांगतात असे पुष्कळदा लिहिले जाते, ते बरोबर नाही. त्या कोटाला साधारणपणे बटणे नसत, पल्ले एकमेकांवर घेऊन कमरेला पट्टा बांधत. आपल्याकडचा मेंढपाळ घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतो, तिच्यातही हेच शहाणपण आहे. तेव्हा टोपी करताना तिचे टोक खोळीसारखे थोडे मागे लांब ठेवा. कापलेल्या गोल टोपीपेक्षा ती कानांवर चांगली बसते आणि मागे टाकली की मानेला ऊब देते.

चिखलदऱ्याच्या थंडीत वापरून माझे मत असे झाले आहे की पूर्ण अस्तर लावू नये. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के ओलावा शोषूनही अंगाला ओली लागत नाही. तिच्या आत सुती अस्तर घातले की घाम त्यात थांबतो, थंड होतो आणि लवकर वाळत नाही. म्हणजे लोकरीचा सर्वांत मोठा गुण आपणच झाकून टाकतो. ज्यांना टोचते त्यांनी आत पूर्ण बाह्यांचा कपडा घालावा.

घोंगडीचेच जाकीट का नको, असे कोणी विचारेल म्हणून लिहितो. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ असते आणि घोंगडीच्या धाग्याला चिंचोक्याची खळ दिलेली असते. ती अंथरायला आणि पांघरायला उत्तम आहे, पण बाहीच्या वळणात ती नीट पडत नाही. शिवाय हातमागावर विणलेली घोंगडी कापणे मला पटत नाही.

धावदोरा (महाल, नागपूर)

अस्तराबद्दल आपले म्हणणे मान्य आहे, फक्त गळपट्टीला आतून सुती कापड लावावेच. मानेची कातडी पातळ असते आणि घाम व तेल तिथेच बसते. जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा घ्या आणि तो हाताने टाचा, म्हणजे काढून वेगळा धुता येईल. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड, मळलेल्या जागीच आधी लागते, त्यामुळे उन्हाळ्यापूर्वी जाकीट धुऊन, पूर्ण वाळवून, ब्रश मारून मगच बंद पेटीत ठेवावे. बटणांसाठी काज करू नका. जाड लोकरीत काजाचे टाके उसवतात. चामड्याच्या वादीचे फासे करा आणि बटणाच्या मागे आतून लहान बटण ठेवून दोन्ही एकत्र शिवा.

रानपहाट (नागपूर)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण सांगितलेले करून पाहिल्याशिवाय उत्तर द्यायचे नव्हते.

ब्लीचच्या वाटीत आडवा धागा संध्याकाळपर्यंत विरघळला आणि उभा तसाच राहिला. जाळून पाहिल्यावर तो सुताचा निघाला. धावदोरा ताई, तुम्ही सांगितले नसते तर मी दोन्ही दिशांनी सारखे आटेल असे धरून चालले असते. आटवल्यावर रुंदी 60 ची 54 झाली आणि लांबी जेमतेम एक इंच कमी झाली. त्यामुळे पायवाट दादांची पट्टी मला तशीच घेता आली आणि शिवाय टोपीसाठी अधिक कापड उरले. कापलेल्या काठांना सुताचे दोरे थोडे सुटत होते, म्हणून चढवलेल्या शिवणीवर दोनऐवजी तीन टीपा मारल्या.

चादरीचा नमुना दोनदा बदलला. पहिल्यात काखेचा तुकडा 4 इंचांचा होता आणि दुर्बीण डोळ्याला लावताच पाठ ओढली जात होती. 5 इंचांवर ते थांबले. मशीनची एक सुई टोपीच्या जोडावर मोडली, तिथले सगळे टाके मग हाताने घातले. गळपट्टीला आईच्या लुगड्याचा तुकडा लागला आहे.

काल पहाटे जाकीट घालून अंबाझरीच्या काठावर तासभर बसले. वारा पुढून येत होता तेव्हा पल्ल्यांच्या मधून थोडा आत शिरला, म्हणून खालचा फासा दोन इंच वर घेणार आहे. बाह्या अजून कापून नीट केलेल्या नाहीत. पेंचच्या जिप्सीत हातमोज्यांवर त्या किती लांब हव्यात, ते पाहूनच कात्री लावीन.