मदत हवी आहे: पाणी रेशमी, पानांचा मात्र चिखल

राम राम मंडळी. मी बेळगावचा. रविवारी गोकाकजवळच्या गोडचिनमलकी धबधब्याचे फोटो काढायला गेलो होतो. मार्कंडेय नदी नुसती उसळत होती, रंग दुधाळ चहाचा आणि दोन्ही काठांची झाडी हिरवीगार. ट्रायपॉड लांबच्या खडकावर रोवला (शेवाळावरून कडेला जायची हिंमत नाही, घरून ताकीद आहे). आयएसओ १००, एफ ११. फिल्टरशिवाय शटर १/३० सेकंद येत होता, ६ स्टॉपच्या एनडीने (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळसर काच) २ सेकंद झाला. पाणी झकास आलं, पण धबधब्याच्या वाऱ्याने फांद्या डुलतात आणि पानांचा हिरवा चिखल होतो. एनडी काढून १/३० ला टिपलं तर पानं सुरेख, पाणी मात्र तुटक, चिंध्यांसारखं.

दोन वेगळे फ्रेम घेऊन नंतर जोडणं हाच मार्ग का? मला ती लबाडी वाटते, पण असो. दुसरं, ओल्या पानांची चमक मारायला पोलरायझर एनडीवर चढवला की १८ मिमीच्या रुंद कोनाला फोटोचे कोपरे काळे पडतात. कुणी दोन्ही एकत्र वापरतं का? आणि तुषारांचं काय करता? मी रुमालाने लेन्स पुसून पुसून थकलो, शेवटी रुमालच भिजला.

पुढच्या आठवड्यात खानापूरकडच्या जंगलात जायचा बेत आहे, त्याआधी सांगा.