मदत हवी आहे : स्लर्मच्या रांगेतला जॉब पुढे कसा आणायचा?

गोदाकाठ :
नाशिकला कॉलेजच्या क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या संगणकांवर) डब्ल्यूआरएफ या हवामान मॉडेलचे 40 जॉब स्लर्म या रांग लावणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेंडिंग आहेत. त्यातला निफाड-दिंडोरीच्या पावसाचा एक आज रात्रीच सुटायला हवा, बाकीचे थांबले तरी चालतील. एसकंट्रोल या स्लर्मच्या कमांडने प्रायॉरिटी वाढवायला गेलं की परमिशन डिनाइड. लवकर सांगा.

सातपूर_रूट :
एसक्यूमध्ये, म्हणजे रांगेच्या यादीत, थांबण्याचं रीझन काय दिसतंय? तुम्ही ॲडमिन आहात का? क्यूओएसच्या, म्हणजे वापरावर घातलेल्या, मर्यादेत अडकला असेल तर प्रायॉरिटी कितीही वाढवा, जॉब हलणार नाही.

लिनक्सप्रेमी :
सोपं आहे. रिनाइस या लिनक्स कमांडने -10 द्या.

सातपूर_रूट :
अहो, रिनाइस चालू प्रोसेसला लागतं. पेंडिंग जॉबची प्रोसेस अजून आहेच कुठे?

पंचवटीकर :
पीबीएस या दुसऱ्या रांग-सॉफ्टवेअरमध्ये क्यूऑल्टर कमांडला -1024 ते 1023 मधला प्रायॉरिटीचा आकडा दिला की झालं. स्लर्म बसवतातच कशाला?

गोदाकाठ :
पीबीएस नाहीये इथे! साधा युजर आहे. रीझन 'प्रायॉरिटी'. दोन नोड (क्लस्टरमधले संगणक) रिकामे आहेत तरी जॉब घेत नाही.

सातपूर_रूट :
टाइम लिमिट किती मागितलंय?

गोदाकाठ :
7 दिवस. जॉब सहा तासांत संपतो, पण त्याचा इथे काय संबंध?

सातपूर_रूट :
सगळा संबंध तिथेच आहे. ते नोड पुढच्या मोठ्या जॉबसाठी राखलेले असणार. तो सुरू होण्याआधी जो जॉब संपेल, तेवढाच बॅकफिल, म्हणजे स्लर्मची रिकामी जागा भरण्याची सोय, त्या फटीत बसवतं. पेंडिंग असतानाच एसकंट्रोल अपडेटने टाइमलिमिट 08:00:00 करा. नुसतं 8 किंवा 8:00 लिहिलंत तर स्लर्म 8 मिनिटं धरतं, आणि साध्या युजरला लिमिट परत वाढवता येत नाही. बाकीच्या 39 जॉबना नाइस=1000 द्या; तेवढे गुण त्यांच्या प्रायॉरिटीतून वजा होतात. आधी प्रायॉरिटीचे आकडे दाखवणारं एसप्रायो -एल बघा, जॉबमधला फरक हजारापेक्षा मोठा असेल तर आकडा वाढवा.

कॉलेजरोड :
एवढं कशाला? होल्ड करा ना बाकीचे.

सातपूर_रूट :
होल्डवरच्या जॉबचं वय, म्हणजे रांगेत थांबल्याचे गुण, सहसा वाढत नाही, सोडल्यावर ते मागे पडतात. कॅन्सल करून परत टाकलं तर साठलेलं वय पूर्णच जातं.

गंगापूर_एचपीसी :
ॲडमिनला सांगा, प्रायॉरिटीचा थेट आकडा देईल.

सातपूर_रूट :
नको. आकडा थेट दिला की मल्टिफॅक्टर, म्हणजे स्लर्मचा प्रायॉरिटी काढणारा भाग, त्या जॉबचा हिशोब सोडून देतो, होल्ड करून रिलीज करेपर्यंत. ॲडमिनने नाइस उणे द्यावा.

गंगापूर_एचपीसी :
एका रात्रीच्या जॉबला काय फरक पडतो?

सातपूर_रूट :
नोड बंद पडून जॉब रीक्यू झाला, म्हणजे परत रांगेत गेला, तर पडतो. गोठलेला आकडा घेऊन तो पुन्हा सगळ्यांच्या डोक्यावर बसतो.

द्राक्षबाग :
हा अंदाज द्राक्षांच्या गोडी छाटणीसाठी आहे का? ग्रिड किती? 3 किमीच्या डोमेनला क्युम्युलस स्कीम (ढगांचा पाऊस अंदाजाने काढणारा मॉडेलचा भाग) बंद ठेवा.

गोदाकाठ :
3 किमीच, बंदच आहे. लिमिट 08:00:00 केलं, नाइसही दिला. एसक्यूचं स्टार्ट आता रात्री 11:40 दाखवतंय.

सातपूर_रूट :
तो अंदाज आहे. वरच्या प्रायॉरिटीचा जॉब मध्ये आला तर वेळ पुढे सरकेल. दहाला परत बघा.